क्रेनवाल्याची काठी

३ मार्च, सोमवार

नात वसतिगृहात गेली आणि ही डायरी इथेच टाकून गेली. पहिली काही पानं अभ्यासाच्या वेळापत्रकाची. वेळापत्रक पाळलेलं दिसत नाही. बाकीची सगळी कोरी. सुनेचं म्हणणं, गोंद लावताना मी फार बोलते, तिचं लक्ष उडतं. ठीक आहे. इथे बोलते. ह्या पानांना तरी डोळे फिरवता येत नाहीत.

आजचा अपमान आधी लिहिते.

आम्ही गळाच्या काठ्या करतो. गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने, एकेक. मुलगा दुकान बघतो, सून काठी घासते, गळाची दोरी ओवायच्या कड्या बांधते, आणि जोडणी मी करते. बुचाची मूठ, रीळ बसवायची बैठक, हे सगळं काठीला चिकटवायचं काम माझं. नवरा होता तेव्हापासून माझंच. गोंद दोन तऱ्हेचा. एक सावकाश, त्याला एक अख्खा दिवस लागतो, पण मग काठी मोडेल, जोड सुटणार नाही. दुसरा झटपट, बारीकसारीक डागडुजीला, चहा उकळेपर्यंत घट्ट. दोन्ही गोंदांच्या जोडबाटल्या, दोन्हींतलं मिसळलं की गोंद धरतो. पूर्वी सावकाशची झाकणं निळी आणि झटपटची लाल असायची. यंदा कंपनीला काय सुचलं, सगळी झाकणं पांढरी. वरची अक्षरं परकी.

तर सुनेने काय करावं? सावकाश बाटल्यांवर गोगलगायीचं चित्र चिकटवलं आणि झटपटवर माशीचं. तिला चित्रं काढता येत नाहीत, गोगलगाय सोललेल्या वाटाण्यासारखी दिसत होती. माल घेऊन आलेला माणूस बघून म्हणाला, "आजी, इथे बालवाडी सुरू केली का?" आणि हसला. सूनही हसली. मी नाही हसले.

मी चौथी पास आहे. परकी अक्षरं येत नाहीत म्हणून काय झालं? डावीकडच्या बाटल्या सावकाश, उजवीकडच्या झटपट, एवढं मला कळतं. तो गेल्यावर स्पिरिटच्या फडक्याने चारही चित्रं घासून काढली. सुनेने पाहिलं. म्हणाली, "आई, ती माझ्यासाठी पण होती." मी म्हटलं, "मग तुझ्या कपाळावर चिकटव."

६ मार्च, गुरुवार

आज एक गिऱ्हाईक आलं. गोदीवर क्रेन चालवायचा. मागच्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली. पाय ओढत का होईना चालतो. उजवा हात खांद्यापासून लोंबतो, बोटं जेमतेम मिटतात.

दारातच विचारलं, "एका हाताच्या माणसाला काठी करून देता का?"

मुलगा घुटमळला. म्हणाला, "तशी आम्ही कधी केली नाही."

सून आतून दोरा गुंडाळत बाहेर आली. "एक का? दोन आहेत की. दाखवा बघू तो."

त्याने डाव्या हाताने उजवा उचलून टेबलावर ठेवला, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा. सुनेने माप घेतलं. कोपरापर्यंत लांब मूठ करायची, तिला दोन पट्टे, काठी उजव्या हातालाच बांधायची. उजवा धरेल, डावा रीळ फिरवेल. क्रेनवाला तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, उजवा आता खिशात घालायच्याच कामाचा.

मग मला म्हणाला, "मावशी, तुम्ही पण काम करता?"

"नाही. मी इथे शोभेला बसलेय."

त्याचं अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. पण अर्ध्यातही भरपूर हसतो. हाताला म्हणाला, "चल लेका, फुकट बसून खाणं संपलं तुझं."

तो गेल्यावर मुलगा सुनेवर चिडला. नसती जबाबदारी, काही बिघडलं तर कोण निस्तरणार वगैरे. ती म्हणाली, "मी." एवढंच. ही बाई कमी बोलते. त्याचाच मला राग येतो.

११ मार्च, मंगळवार

काठीचा कणा शोधला. काठी वाकवून गोल फिरवली की एका बाजूला ती आपोआप वळते, तिथे खूण करायची. कड्या त्या रेघेत. बैठक त्या रेघेत. एवढंसं चुकलं तरी मासा ओढेल तेव्हा काठी हातात पिळवटते.

सुनेने मुठीखालची जागा पॉलिश पेपरने घासली. चकाकी पूर्ण जाईपर्यंत. मी बोट फिरवून पाहिलं, नावं ठेवायला जागा नव्हती. थोडी शोधलीही. काठी बारीक आणि बैठक रुंद, म्हणून मधली फट भरायला कागदी पट्टीचे वेढे दिले. वेढ्यांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची, म्हणजे गोंद आत उतरून काठीला धरतो. हे तिला मी शिकवलं. हेही एकदा लिहून ठेवते, कारण कुणी म्हणत नाही.

१३ मार्च, गुरुवार

सुनेची दाढ दुखत होती, सकाळीच दाताच्या डॉक्टरकडे गेली. जाताना म्हणाली, "आई, सगळं कोरडं बसवून बघून ठेवा. गोंद मी आले की दोघी मिळून लावू."

दोघी मिळून! इतकी वर्षं कोण धरायला येत होतं?

ती येईपर्यंत बसून काय करणार. फळी झाडली, बाटल्या पुसून परत मांडल्या. मग सगळं कोरडं बसवून पाहिलं, छान बसलं. मग म्हटलं आता कशाला थांबायचं. दोन्ही बाटल्यांतलं सारखं माप वाटीत घेतलं, घोटलं, वेढ्यांना माखलं, बैठक सरकवली. आज गोंद भलताच लवकर धरायला लागला. बैठक रेघेत आणेपर्यंत हाताला घट्ट लागली. शेवटी जोर लावून बसवावी लागली. वाटी पण गरम. उन्हाळा येतोय, व्हायचंच.

सून आली. गाल सुजलेला, बोलणं बोबडं. बैठक हाताने दाबून पाहिली.

"आई, इतक्यात घट्ट?"

"उकाडा आहे."

तिने खिडकीकडे पाहिलं. अंगावरचा स्वेटर तिने काढला नव्हता. मग वाटी उचलून पाहिली, फळीकडे पाहिलं. म्हणाली, "काढून परत करू या का? आत्ता तापवली तर निघेल."

मी भडकलेच. म्हटलं, "हातात जादू असली की वेळ कमी लागतो. तुला माझ्या हाताखाली शिकायला अजून एक जन्म लागेल." आणखीही बोलले, ते लिहीत नाही. तिने बैठक दोन्ही हातांनी करकचून पिळली. हलली नाही. मग दाढेवर हात ठेवून आत गेली.

२० मार्च, गुरुवार

क्रेनवाला काठी घेऊन गेला. सुनेने पट्टे बांधून दिले. त्याने दुकानातच काठी हवेत फेकल्यासारखी फिरवली. भिंतीवरचं घड्याळ वाचलं, मुलगा नाही. त्याच्या टोपीला टोक लागलं.

"रुजू झाला हो!" क्रेनवाला म्हणाला. "पुन्हा कामावर रुजू झाला." हाताबद्दल म्हणत होता.

सुनेचे डोळे भरले. मला असलं बघवत नाही. मी झाडू घेतला.

२ एप्रिल, बुधवार

लिहायचं नव्हतं. पण लिहायला बसले.

दुपारी क्रेनवाला आला. काठी कागदात गुंडाळलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ही ठेवून घ्या. दुसऱ्या कुणाला तरी द्या. ज्याला हात आहेत त्याला."

मुलाने विचारलं, काय झालं.

जुन्या गोदीवाल्यांबरोबर तळ्यावर गेला होता. पहिल्यांदाच. सगळे कौतुकाने भोवती उभे. मासा लागला, मोठा. याने रीळ फिरवायला घेतलं आणि ऐन ओढीत काठी हातातल्या हातात फिरली. रीळ खाली गेलं, मूठ छातीवर बसली, तोल गेला आणि हा गुडघाभर पाण्यात उताणा. मित्रांनी कॉलर धरून बाहेर काढला.

"हसले सगळे. मीही हसलो," तो म्हणाला. "काठीत खोट नाही हो. हात फितूर झाला. मूठ आवळून धर म्हटलं, तर पिळला ऐन वेळी. मेलेलं ते मेलेलंच. उगाच त्याला कामावर बोलावलं."

मुलगा म्हणाला, "एकदा बघतो मी."

"बघायचं काय त्यात? मला माहीत नाही का माझा हात?"

सून मागच्या खोलीत वार्निश लावत होती, तिला हे ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मुलाला फोन आला, तो बाहेर गेला. मी काठी उचलली. बैठकीवर अंगठा ठेवला, थोडा जोर दिला. फिरली. बाटलीचं झाकण फिरावं तशी.

तिथेच कळलं. सांगायला तो समोर उभा होता. मी म्हटलं, "पाणी घेता का?"

"नको," म्हणाला. "पाणी पोटभर झालंय." आणि पाय ओढत गेला.

पाणी विचारलं मी. एवढीच अक्कल सुचली.

३ एप्रिल, गुरुवार

बैठक उकलली. गोंद आतून निघाला तो काचेच्या पापुद्र्यासारखा. पिवळट, ठिसूळ, बोटांनी मोडला. सावकाश गोंद असा कधीच निघत नाही, त्याला तासावं लागतं. मोकळ्या जागांत तर तो उतरलाच नव्हता. उतरायच्या आधीच मेला. झटपट होता. फळी झाडली तेव्हा डाव्या बाटल्या उजवीकडे ठेवल्या मी. मीच. ज्या चित्रांनी वाचवलं असतं ती घासून काढणारीही मीच.

एवढ्यात मुलगा आला आणि त्याच्या मागे सून. पापुद्रे टेबलावर पडलेले. मुलाने विचारलं, "सुटली कशी?"

माझं तोंड उघडलं. जीभ हलली नाही. ज्या जिभेने अख्ख्या गल्लीला रडवलं ती.

सून म्हणाली, "मीच काठी नीट घासली नसेल."

मुलगा तिच्यावर सुटला. तूच ऑर्डर ओढून घेतलीस, माणसाला पाण्यात पाडलंस, बुडाला असता तर. तो सगळं बोलला. ती खाली बघून पापुद्रे गोळा करत राहिली. मी चहाचा कप धरून बसले. त्यावर साय आली.

घासली तर तिने उत्तमच होती, मी स्वतः बोट फिरवून पाहिलं. मग असं का म्हणाली? कळत नाही. दाढेचं औषध डोक्यात गेलं असेल.

५ एप्रिल, शनिवार

सुनेला आवराआवरीचा झटका आलाय. झटपट गोंद वरच्या खणात ठेवला, तिथे माझा हात पोचत नाही. फळीवर फक्त सावकाश. विचारलं तर म्हणे, धूळ बसते. बसते का गोंदावर धूळ?

माझ्याशी बोलते नेहमीसारखी. चहा देते. जास्तच साखर घालते. तिने आदळआपट केली असती तर मला परत काहीतरी बोलता आलं असतं. रागावणारं माणूस बरं असतं, त्याच्यावर रागावता येतं.

जेवण नको वाटतं. मुलगा म्हणाला डॉक्टरला दाखवू. काय दाखवणार, जीभ?

८ एप्रिल, मंगळवार

दोरा आणायला गेले होते. समोरून क्रेनवाला येताना दिसला. उजवा हात कोटाच्या खिशात कोंबलेला, खिसा पिनने बंद केलेला. पूर्वी लोंबत असला तरी बाहेर असायचा. आता घरातलं लाजिरवाणं माणूस आतल्या खोलीत ठेवावं तसा ठेवलाय.

मी काय केलं? रस्ता ओलांडला. ह्या वयात, गुडघ्यांची कुरकुर सोसून, चक्क पळाले. एका दुकानाच्या काचेसमोर उभी राहून आत बघत राहिले. आत नळ होते. न्हाणीघराचे नळ. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "आजी, कुठला दाखवू?" म्हटलं, "सगळे बघून झाले." मागे वळले तर तो गेला होता.

त्याने मला पाहिलं असेल. त्याला वाटलं असेल, म्हातारीला पण माझ्याकडे बघवत नाही.

९ एप्रिल, बुधवार

सुनेला सांगितलं. ती कड्या बांधत होती. मी उभ्याउभ्या म्हटलं, "तो गोंद झटपट होता."

"हो."

"हो काय?"

"पापुद्रे मी पण पाहिले ना, आई."

"तेव्हाच कळलं?"

"वाटी पाहिली तेव्हाच वाटलं होतं. पण पिळून पाहिली तर हलली नाही. मग मीही गप्प बसले. तेवढी चूक माझी."

"आणि नवऱ्यासमोर काय म्हणालीस? घासली नसेल?"

तिने दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडला. "कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, नाही गं, असं वाटलं होतं मला. थांबले होते मी तेवढ्यासाठी."

थोबाडीत मारली असती तर सोपं गेलं असतं. मला वाटायचं ही बाई बोलत नाही कारण हिच्याकडे बोलायला काही नाही.

मग मी माझ्या नेहमीच्या लबाडीवर आले. म्हटलं, "तू जाऊन सांग त्याला. तुझं ऐकतो तो. तुला जमतं गोड बोलायला."

"नाही," ती म्हणाली. "काठी मी नव्याने करते, पहिल्यापासून. पण सांगायला तुम्ही जायचं."

संध्याकाळी मुलाला मी आपणहून सांगितलं. तो बायकोकडे बघत राहिला आणि मग बराच वेळ दुकानाचं कुलूप तपासत बसला. कुलूप चांगलं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

जाऊन आले.

तिसरा मजला. त्याच्या बायकोने दार उघडलं. पुढच्या खोलीत खिडकीशी तो बसला होता. उजवा हात मांडीवर, वर टॉवेल टाकलेला. मी वाटेत बोलायचं घोकत आले होते. समोर बसल्यावर घोकलेलं सगळं गेलं आणि जे होतं ते निघालं.

म्हटलं, "तुमचा हात नाही चुकला. माझा चुकला. गोंद चुकीचा लावला मी. मासा ओढत होता तेव्हा बैठक सुटली आतून. परत दिलीत त्याच दिवशी मला कळलं होतं. आणि मी तुम्हाला पाणी विचारलं."

त्याच्या बायकोने हातातला ट्रे खाली ठेवला.

"परत सांगा," तो म्हणाला.

परत सांगितलं. दुसऱ्यांदा जास्त कठीण जातं.

मग त्याचं तोंड लाल झालं, दोन्ही बाजूंनी. "तुम्हाला माहीत आहे का, मी ह्याला काय काय बोललोय? रोज सकाळी उठून. आंघोळीला, जेवताना. व्यायाम सोडला मी ह्याचा. डॉक्टरकडे जायचं सोडलं. हिला म्हटलं, कापून टाकू या, निदान कपड्यात अडकायचा तरी नाही. माझे गळ, डबा, जाळी, सगळं वाटून टाकलं. इतके दिवस शिव्या घातल्या मी ह्याला! कुणाच्या होत्या त्या?"

"माझ्या."

"मग?"

"मग द्या. बसलेय मी."

आणि त्याने दिल्या. मला वाटलं होतं, म्हातारी बघून आवरेल. नाही आवरलं. गोदीवरचा माणूस, त्याच्याकडे भरपूर साठा होता. काही मी पहिल्यांदाच ऐकल्या, आणि मी काही कानात कापूस घालून वाढलेली नाही. बायको म्हणाली, "अहो, पुरे, त्यांच्या वयाकडे बघा." मी म्हटलं, "वयाकडे नका बघू, चालू द्या." तिने उठून खिडकी लावून घेतली.

बोलून बोलून तो दमला. श्वास लागला. मी म्हटलं, "चुकलं माझं. माफ करा." आयुष्यात हे वाक्य मी नवऱ्याला म्हटलं नाही, मुलाला नाही, कुणालाच नाही. तोंडात ते खड्यासारखं लागलं.

तो म्हणाला, "मला नका सांगू."

टॉवेल काढला. डाव्या हाताने उजवा उचलला आणि आमच्या मधल्या टेबलावर ठेवला. पालथा. नखं वाढलेली.

"ह्याला सांगा."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती.

त्याची बायको बघत होती. तो बघत होता. माझे कान तापले, लहानपणी बाकावर उभं केल्यावर तापायचे तसे. हाताशी काय बोलतात? पण लाज वाटते म्हणूनच तर त्या दिवशी गप्प बसले होते. मी पुढे वाकले. म्हटलं, "बाबा रे, तू नीट धरलं होतंस. शेवटपर्यंत धरलं होतंस. सुटली ती माझी जोडणी. तुला बोल लागला तो माझा होता."

बोटं हलली वगैरे काही नाही. हात तसाच पडून होता. चमत्कार व्हायला मी काही देवमाणूस नाही.

शेवटी मी उठले. दाराशी चपला घालताना म्हटलं, "सून नवी काठी करतेय. जोडणीही तीच करेल. मी हात लावणार नाही. येऊन परत माप देऊन जा."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. टेबलाकडेच बघत होता.

"माप कशाला परत?" म्हणाला. "हात तोच आहे."

घरी येऊन सुनेला तेवढंच सांगितलं. ती उठली आणि जुन्या मापाचा कागद शोधायला लागली.